घरची शुश्रूषा व रोग्याची साक्ष

ऐतिहासिक पत्रांचे रुमाल ज्यांनीं सोडून वाचले आहेत त्यांस हें विदित आहे कीं, जुन्या पत्रव्यवहारांत दुखण्याची वार्ता पदोपदीं येते. ‘शरीरीं समाधान नाहीं’, ‘ज्वरांश राहिला आहे’, ‘किंचित् उतार पडला’, ‘आरोग्यस्नान जालें’ हीं वाक्यें इतकीं ठराविक झालीं आहेत कीं, वाचणाऱ्याची नजर त्यांवरून सहज घसरते व पुढच्या राजकारणाच्या मजकुरावर जाऊन स्थिरावते. आजाऱ्याचें नांव, तिथि, वैद्य, केलेलें अनुष्ठान, दिलेलें दान, इतक्या गोष्टी त्या वाक्यांच्या आजूबाजूस सांपडतात. पण तो मनुष्य घरांत पडून होता तेव्हां त्याच्या उशाशीं कोण बसलें, त्याला कुशीवर कोणीं वळविलें, आणि दुसऱ्याच्या हातानें वळविलें जाण्याचें त्याला काय वाटलें, हें त्यांतून क्वचितच कळतें. वैद्यकाच्या इतिहासावर आपल्याकडे जें लिहिलें गेलें तें मुख्यत्वेंकरून ग्रंथांविषयीं व वैद्यांविषयीं. घरीं शुश्रूषा करून घेणाराची बाजू त्यांत फारशी आलेली नाहीं. त्या बाजूचीं जीं थोडीं साधनें हातीं लागतात तीं येथें एकत्र मांडण्याचा विचार आहे.

आरंभ चरकापासून करणें प्राप्त आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण दिले असल्यामुळें एकंदर सोळा गुण होतात. परिचारकास उपचारांचें ज्ञान असावें, तो दक्ष असावा, रोग्यावर त्याचा अनुराग असावा आणि तो शुचि असावा, हे गुण पुष्कळांस तोंडपाठ असतात. रोग्याचे गुण मात्र क्वचित् कोणी सांगतो. ते असे: स्मृति, सांगितलें तसें वागणें, भीति नसणें, आणि चौथा गुण ज्ञापकत्व, म्हणजे आपणांस काय होत आहे तें दुसऱ्यास कळविण्याची शक्ति. चारही पादांत प्राधान्य वैद्याचें, हें चरकानें स्पष्ट म्हटलें आहे. तरीही रोगी हा त्याच्या हातांतील मातीचा गोळा नव्हे. तो चिकित्सेचा एक पाय आहे, आणि त्या पायाकडे सोंपविलेल्या कामांत बोलणें हें एक आहे, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

या ज्ञापकत्वाशेजारीं ‘शुश्रूषा’ हा शब्द ठेवून पाहावा. आजारी माणसाची सेवा या अर्थानें तो मराठींत रुळला आहे. परंतु मुळांत तें ‘श्रु’ धातूचें इच्छार्थक रूप असून त्याचा अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूचें, वडिलांचें ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञापालन, त्यावरून सेवा, अशी अर्थाची परंपरा लागते. तेव्हां व्युत्पत्तीच्या बळावर फार मोठी इमारत उभारणें योग्य नाहीं, असें आम्ही वर्गांत मुलांस नेहमीं बजावीत असूं. तरी हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं कीं, एका बाजूस कळविण्याची शक्ति व दुसऱ्या बाजूस ऐकण्याची इच्छा, अशी ही जोडी शब्दांतच पडलेली आहे. यांपैकीं एक नसेल तर दुसरी व्यर्थ जाते.

चरकाच्या पंधराव्या अध्यायांत आजाऱ्याच्या घराची जी सिद्धता वर्णिली आहे ती वाचण्यासारखी आहे. घर भक्कम असावें, सोसाट्याचा वारा आंत येऊं नये, धूर व धूळ यांचा उपद्रव नसावा. चाकर असे असावेत कीं, ज्यांस वरण-भात रांधतां येतो, न्हाऊं घालतां येतें, अंग चेपतां येतें, रोग्यास उठवितां व निजवितां येतें, औषध कुटतां-उगाळतां येतें. त्यांच्या जोडीला गाणारे, वाजविणारे, कथा, इतिहास व पुराणें जाणणारे लोक हवेत. आणि दारांत दुभती, शांत, निरोगी, जिचें वासरूं जिवंत आहे अशी गाय हवी. हा थाट राजा व धनिक यांसाठीं आहे हें उघड आहे, व पुढें त्याच अध्यायांत दरिद्र्यानें आपल्यापाशीं असेल त्यावर भागवावें असेंही सांगितलें आहे. सुश्रुतानें जखमी मनुष्याच्या खोलीचा विचार एकोणिसाव्या अध्यायांत केला आहे. अंथरूण ऐसपैस असावें, उशी पूर्वेकडे असावी, आणि आवडत्या मित्रांनीं जवळ बसून गोष्टी सांगाव्या म्हणजे जखमेच्या वेदनांवरून मन उडतें, असें त्याचें म्हणणें. दुखण्यांत माणसाला माणूस हवें असतें हें ओळखणारा हा ग्रंथकार खास रोग्याच्या बाजूनें पाहणारा होता. उलट, फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं घरांतील आजाऱ्यांचें पाहणाऱ्या स्त्रियांकरितां जें लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांत भेटीस येणाऱ्यांच्या पोकळ धीर देण्यावर एक अख्खें प्रकरण आहे. तुम्ही लवकरच बरे व्हाल असें जो येतो तो म्हणतो, व रोग्यास त्याचा अतोनात शीण होतो, असा त्यांचा रोख आहे. बाई स्वतः वर्षानुवर्षें आजारी होत्या. या दोन मतांत विरोध दिसतो, पण आमच्या मतें तो खरा नाहीं. सुश्रुताचा मित्र रोग्याच्या दुखण्याविषयीं बोलतच नाहीं. तो गोष्ट सांगतो.

मराठी भाषेंत एक प्रयोग आहे, त्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. ‘दुखणें काढणें’ हा तो प्रयोग होय. ‘त्यानें तीन महिने दुखणें काढलें’ असें रोग्याविषयीं म्हणतात, आणि ‘तिनें सासूचें दुखणें काढलें’ असें शुश्रूषा करणारीविषयींही म्हणतात. भोगणारा व सेवा करणारी या दोघांस भाषेनें एकच क्रियापद दिलें आहे. यांत मोठा गोडवा आहे खरा, परंतु अडचणही आहे. दुखणें दोघांचें सामाईक झालें कीं कोणीं कोणास काय दिलें हें बोलण्याचें कारण उरत नाहीं. घरच्या माणसाचे आभार मानणें हा आपल्याकडे परकेपणा समजला जातो आणि तक्रार करणें हा कृतघ्नपणा. मग रोग्याचें ज्ञापकत्व कोठें राहिलें? तें ‘पाणी दे’, ‘पाय दाब’ येवढ्यावर येऊन थांबतें. कित्येकदां तेवढेंही होत नाहीं.

हें आम्ही केवळ पुस्तकावरून लिहीत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत विषमज्वरानें पांच आठवडे आम्हांस अंथरुणास खिळून राहावें लागलें. सूनबाईंनीं आमची जी सेवा केली तींत उणें काढण्यास जागा नव्हती: मुगाचें कढण, वेळेवर औषध, संध्याकाळीं तळपायांस काशाच्या वाटीनें तूप. परंतु पडल्या पडल्या जें कळलें तें निराळेंच होतें. रात्रीं तहान लागली असतां हांक मारावी कीं सकाळपर्यंत थांबावें याचा हिशेब मनांत चाले. दिवसभर राबून ती आतां कोठें टेकली असेल, हें भांड्यांच्या आवाजावरून कळे. चाळीस वर्षें ज्या आवाजानें वर्ग गप्प बसविले तो आवाज एका पेल्यासाठीं उमटत नसे. हें आम्हीं तेव्हां कोणास सांगितलें नाहीं. जुन्या पत्रांतील ‘किंचित् उतार पडला’ या शब्दांमागें अशा किती रात्री गेल्या असतील, याचा विचार त्यानंतर आमच्या मनांतून गेला नाहीं. असो.

दवाखान्याला दप्तर असतें, घराला नसतें, ही या विषयांतील मुख्य अडचण आहे. तंजावरचे सरफोजी राजे यांच्या वेळचीं नेत्ररोग्यांचीं टिपणें, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तेथील सरस्वती महालांत जपलेलीं आहेत. रोगी कोण, डोळ्याची स्थिति काय, उपाय कोणता, हें त्यांवरून समजतें. त्याच काळीं त्याच शहरांतल्या घराघरांतून डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या माणसांस घांस कोणीं भरविले याचें टिपण कोण ठेवणार? जुन्या घराण्यांतून वैद्यकाचीं बाडें आढळतात, त्यांत काढे, चाटणें, मात्रा, लेप, मंत्र, सर्व कांहीं असतें. पण तें सेवा करणाराच्या उपयोगाचें लिखाण होय. घेणाराचा हात त्यांत उमटत नाहीं.

मोठ्या माणसांच्या बाबतींतही हेंच दिसतें. थोरले माधवराव पेशवे क्षयानें थेऊरास कार्तिक वद्य ८ शके १६९४, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं वारले. वय अवघें सत्तावीस. १७७० सालच्या कर्नाटकच्या स्वारींत दुखणें बळावल्यामुळें सैन्य त्रिंबकराव पेठे यांच्या हवालीं करून त्यांना परत फिरावें लागलें होतें. शेवटचे महिने थेऊरास चिंतामणीच्या सन्निध गेले. मातोश्री गोपिकाबाई नाशिकाजवळ गंगापुरास होत्या. पत्नी रमाबाई जवळ होत्या व त्या सती गेल्या. मृत्यूच्या आधीं श्रीमंतांनीं नऊ कलमांची याद करविली. त्या यादींत कर्जाची फेड आहे, काशी-प्रयागाची चिंता आहे. ती सारी राज्याची, घराण्याची व धर्माची काळजी आहे. मरणाच्या दारांतून बोलणाऱ्या एका रोग्याची ही साक्ष आहे, आणि ती फार मोलाची आहे. पण तींत बोलतो तो पेशवा आहे. खोकल्याच्या उबळीनें रात्र जागून काढणारा सत्तावीस वर्षांचा तरुण त्या नऊ कलमांत नाहीं. राजाला दुखण्यांतही राजाच राहावें लागतें.

रोग्याचा स्वतःचा आवाज आम्हांस प्रथम स्पष्ट ऐकूं येतो तो एका स्त्रीच्या पत्रांत. सावित्रीबाई फुले यांनीं जोतीरावांस लिहिलेलीं तीन पत्रें प्रसिद्ध आहेत. त्यांपैकीं पहिलें १० ऑक्टोबर १८५६ चें असून तें नायगांवाहून, म्हणजे त्यांच्या माहेराहून लिहिलेलें आहे. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस होतें. दुखण्यामुळें त्या माहेरीं गेल्या होत्या. पत्राच्या आरंभींच त्या कळवितात कीं, पुष्कळ चढउतारांनंतर आतां प्रकृति ठिकाणावर आली आहे आणि या दुखण्यांत भावानें फार कष्ट घेऊन आपली सेवा केली; त्यावरून त्याचें प्रेम दिसून येतें. पुण्यास आपल्यामागें फातिमेवर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाहीं, असाही मजकूर आहे.

येथवर हें कोणत्याही माहेरवाशिणीचें पत्र शोभेल. परंतु पुढचा भाग निराळा आहे. ज्या भावानें रात्रंदिवस उशाशीं बसून बहिणीला बरें केलें, त्याच भावानें तिला सुनावलें कीं, तूं व तुझा नवरा अस्पृश्यांसाठीं जें करतां त्यामुळें तुम्ही बहिष्कृत झालां आहां. तें सोडून जातीच्या रीतीनें वागा. आईला हें ऐकून वाईट वाटलें. सावित्रीबाईंनीं भावाला सविस्तर उत्तर दिलें. तें सर्व पत्रांत आहे, आणि वादाचा शेवट कडवटपणांत झाला नाहीं असें त्यावरून दिसतें.

या पत्राचा उपयोग आजवर शिक्षणाच्या व समाजसुधारणेच्या इतिहासासाठीं झाला, व तो योग्यच आहे. पण शुश्रूषेच्या इतिहासासाठीं त्याची योग्यता याहून कमी नाहीं. घरीं सेवा घेण्यांतली सर्वांत अवघड गांठ येथें उघडी पडली आहे. आपली सेवा करणारा मनुष्य आपणांस प्रिय असतो, आपण त्याच्या हातून अन्न घेतों, आणि त्याच वेळीं तो आपल्या जन्माच्या कामाला विरोध करीत असतो. अंथरुणावर पडलेल्या माणसाला उठून निघून जातां येत नाहीं. सामान्यतः अशा वेळीं रोगी हार खातो. सेवेचें ऋण इतकें मोठें वाटतें कीं, मत गिळून टाकावें असें होतें. सावित्रीबाईंनीं ऋणही मानलें व मतही सोडलें नाहीं, आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकीनें दुसरीचें मोल कमी होऊं न देतां लिहिल्या. भावाच्या प्रेमाविषयीं लिहितांना त्यांनीं हात आंखडला नाहीं, हें विशेष. चरकानें सांगितलेले भीति नसणें व ज्ञापकत्व हे दोन गुण एके ठिकाणीं पाहावयाचे असतील तर ते या पत्रांत पाहावे.

पुढें बत्तीस वर्षांनीं पाळी उलट झाली. १८८८ च्या मे महिन्यांत मुंबईस जोतीरावांचा सत्कार होऊन त्यांस महात्मा ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीं जुलैंत त्यांस पक्षाघाताचा झटका येऊन उजवें अंग लुळें पडलें. उपचार डॉक्टर विश्राम रामजी घोले यांचे होते. शुश्रूषा पुण्याच्या राहत्या घरीं झाली, आणि ती सव्वादोन वर्षांहून अधिक काळ, म्हणजे २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचें देहावसान होईपर्यंत, चालली. याच काळांत फेब्रुवारी १८८९ मध्यें दत्तक पुत्र यशवंत याचें लग्न झालें. घरांत पैशाची ओढ होती; १८९० सालीं मामा परमानंद यांनीं सयाजीराव महाराज गायकवाड यांस जोतीरावांच्या कार्याविषयीं व स्थितीविषयीं लिहिलें.

या दुखण्यांत जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहिण्याचा सराव करून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो त्यांच्या पश्चात् १८९१ सालीं छापला गेला. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस हें वेगळें सांगावयास नको कीं, अक्षराचें वळण हें माणसाच्या देहाचें चिन्ह असतें. साठी ओलांडलेल्या, उजव्या हातानें उभा जन्म लेखन केलेल्या मनुष्यानें डाव्या हातानें पहिलीं अक्षरें गिरवावीं, हें मूळाक्षरें शिकणाऱ्या पोराचें काम पुन्हा करण्यासारखें आहे. कागद सरकूं नये म्हणून तो धरणारा दुसरा हात त्या बिछान्यावर नव्हता. लेखणी, दौत, टेकावयास लोड, हें सर्व कोणीतरी रोज सिद्ध करून दिल्याशिवाय ग्रंथ होत नाहीं. तो ग्रंथ आम्ही धर्मविचाराचा म्हणून वाचतों. पण तो एका रुग्णाईताच्या खोलींत तयार झाला आहे, आणि ती खोली चालवीत होत्या सावित्रीबाई, हेंही त्याच्या इतिहासाचें अंग आहे. सेवा घेणाराचें सर्व बळ आपण जिवंत आहों हें दाखविण्यांत जातें. ज्याला तें दुखण्यांतही कामाला लावतां आलें त्याच्याभोंवतीं शुश्रूषाही तशीच जागरूक असली पाहिजे.

घरची शुश्रूषा लोकांस किती जिवाची वाटे हें मात्र खरें उघड झालें तें ती हिरावून घेण्याचा प्रसंग आला तेव्हां. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत गोंयकर डॉक्टर अकासियु व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचें निदान केलें. थोड्याच महिन्यांत ती सांथ पुण्यास पोंचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांविषयींचा कायदा झाला, आणि मार्चपासून रँडसाहेबांच्या कमिटीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरझडत्या सुरू केल्या. रोगी सांपडला कीं तो इस्पितळांत आणि घरचीं माणसें छावणींत, असा प्रकार. लोक आजारी माणसें माळ्यावर, अडगळींत, कोठीच्या खोलींत लपवूं लागले. हें अडाणीपणाचें लक्षण म्हणून पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्ही त्याकडे रोग्याच्या बाजूनें पाहतों. माळ्यावर अंधारांत कण्ह दाबून पडणें ज्यानें पत्करलें, त्याला इस्पितळांत काय होईल याची भीति होती यांत संशय नाहीं. पण तितकीच भीति ही होती कीं, अखेरच्या घटकेस तोंडांत पाणी घालणारा हात अनोळखी असेल. लोकमान्य टिळकांच्या खटपटीनें पुण्यास हिंदूंसाठीं वेगळें प्लेग इस्पितळ निघालें, त्याच्या मुळाशीं हीच गोष्ट होती. आपलीं माणसें व आपलें अन्नपाणी आसपास असलें तर घराबाहेर पडण्यास लोक तयार होते.

नंतरच्या शास्त्रीय शोधांनीं या वादावर वेगळाच प्रकाश पाडला. १८९८ सालीं कराचीस फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनीं उंदरांवरील पिसवांमुळें हा रोग माणसांत येतो असें दाखवून दिलें, व पुढील दहा वर्षांत प्लेगचा शोध करणाऱ्या मंडळानें तें पक्कें केलें. फुप्फुसाचा प्लेग सोडला तर गांठीच्या तापाच्या रोग्याजवळ बसण्यापेक्षां उंदीर मेलेल्या घरांत राहणें अधिक घातक होतें. तेव्हां घर सोडून माळावर झोंपड्या घालून राहणें हें शहाणपणाचें ठरतें, पण त्या झोंपडींत आजाऱ्याच्या उशाशीं आई बसली असती तर फारसें बिघडलें नसतें. सरकारनें रोग्याला घरापासून तोडलें तें बरोबर निघालें. घरच्या माणसांपासून तोडलें त्यास तितका आधार राहिला नाहीं. १८९७ सालीं हें कोणासच ठाऊक नव्हतें, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

त्याच सांथींत सावित्रीबाईंचा अंत झाला. यशवंतरावांनीं हडपसराजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनीं स्वतः पाठीवर घेऊन तेथें पोंचविलें, व त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. भावाच्या हातून बरी झालेली, पतीचें दुखणें दोन वर्षें काढलेली ही बाई शेवटीं परक्याचें मूल पाठीवर घेऊन गेली. रक्ताच्या नात्यावांचून शुश्रूषा होऊं शकते, हें सिद्ध करण्यास आणखी प्रमाण नको.

पण तें जनरीत होण्यास वेळ लागला. न्यायमूर्ति रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं वारले. त्यांच्या अखेरच्या दुखण्याची हकीकत रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे. ती सेवा करणारीची साक्ष आहे, व तिजविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें असल्यामुळें येथें विस्तार करीत नाहीं. त्याच रमाबाईंच्या अध्यक्षतेखालीं २ ऑक्टोबर १९०९ रोजीं पुण्याचें सेवासदन निघालें, आणि ससून रुग्णालयाच्या साह्यानें तेथें परिचारिकांचें शिक्षण सुरू झालें. ज्या विधवेनें सासरीं फुकट राबून सर्वांचीं दुखणीं काढावीं ती आतां शिकून, पगार घेऊन परक्याच्या उशाशीं उभी राहूं लागली. प्रथम लोकांनीं नाकें मुरडलीं. रोग्याच्या दृष्टीनें मात्र एक मोठें अंतर पडलें: पगारी बाईला रात्रीं हांक मारतांना तो हिशेब करावा लागत नाहीं. अनुराग कमी मिळाला असेल. संकोचही कमी झाला.

अनुराग व शिक्षण यांपैकीं रोग्याला आधीं काय हवें, याचें उत्तर देणारा एक प्रसंग पुण्यासच घडला आहे आणि तो कागदोपत्रीं पूर्ण नमूद आहे. ऑगस्ट १९४२ पासून कस्तुरबा गांधी आगाखान राजवाड्यांत गांधीजींसमवेत कैदेंत होत्या. डॉक्टर सुशीला नय्यर व डॉक्टर गिल्डर हे दोघे निष्णात वैद्य त्याच आवारांत कैदी होते. १९४३ च्या अखेरीपासून कस्तुरबांस हृदयविकाराचे झटके येऊं लागले. वैद्यकीय साह्याची उणीव होती असें म्हणतां येत नाहीं. तरी गांधीजींनीं सरकारशीं केलेल्या पत्रव्यवहारांत रोगिणीच्या म्हणून ज्या मागण्या येतात त्या अशा: ओळखीचीं माणसें सेवेस असावीं, आणि आपला विश्वास आहे त्या उपचारकांस येऊं द्यावें. स्वतः कैदेंत असलेल्या प्रभावतीबाईंस शुश्रूषेकरितां तेथें आणण्यांत आलें. गांधीजींचे पुतणनातू कनु गांधी यांसही राहण्याची परवानगी मिळाली. आयुर्वेदाचे पंडित शिव शर्मा यांस बोलाविण्यांत आलें, परंतु रात्रीं राजवाड्यांत राहण्याची त्यांस मुभा नव्हती. रोगिणीला रात्रींच अधिक त्रास होई. तेव्हां हे वैद्यराज फाटकाबाहेर आपल्या मोटारींत झोंपत, व आंतून निरोप आला कीं पहारेकऱ्यांस जागें करून, दारें उघडवून त्यांस आंत नेण्यांत येई. गांधीजींनीं याविषयीं फेब्रुवारी १९४४ मध्यें सरकारास लिहिलें, तेव्हां परवानगी आली. दारापासून अंथरुणापर्यंतचें अंतर थोडक्या पावलांचें होतें. त्यासाठीं पत्रें लिहावीं लागलीं आणि त्यामुळेंच तें आज आपणांस मोजतां येतें. एरवीं कोणत्याही घरांत वैद्य ओसरीवर निजला असता व त्याची नोंद कोणी ठेवली नसती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या दिवशीं सायंकाळीं, कस्तुरबांनीं गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला.